जुन्या घराला नवी फरशी

घर दुरुस्तीला काढले की पहिली चर्चा रंगाची होते, दुसरी स्वयंपाकघरातील ओट्याची, आणि पैसे संपत आले म्हणजे फरशीची. हा क्रम उलटा असावयास हवा. रंग मनाला आला नाही तर पुढल्या दिवाळीला बदलता येतो. फरशी एकदा बसली की पंचवीस-तीस वर्षे तिच्यावर वावरावे लागते, आणि ती पुन्हा उखडावयाची म्हणजे घरातील प्रत्येक कपाट, प्रत्येक पलंग आणि देवघरातील देवसुद्धा जागचे हलवावे लागतात. असे असूनही तिची निवड आपण अर्ध्या तासात, दुकानात उभ्याउभ्या करतो. तेथे लादी भिंतीला टेकवून उभी ठेवलेली असते, वरून दिव्याचा झोत असतो, तिच्या चकाकीत आपला चेहरा दिसतो आणि आपण भाळतो. घरी ती आडवी बसणार आहे, वरून ओले अनवाणी पाय चालणार आहेत आणि खाली बडोद्याची माती असणार आहे, या तीन गोष्टींचा उल्लेख त्या अर्ध्या तासात बहुधा होतच नाही. त्या तीन गोष्टींविषयीच आज बोलावयाचे आहे.

बडोद्यात मराठी माणसांची घरे ढोबळ मानाने तीन प्रकारची आढळतात. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागांतील सागवानी तुळयांची, लाकडी माड्यांची घरे हा पहिला प्रकार. तांबेकरांचा चौमजली वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही बांधणी सांगावयास नको. दुसरा प्रकार सोसायट्यांतील बंगल्यांचा आणि गुजरातेत ज्यांना ‘टेनामेंट’ म्हणतात त्या जोडघरांचा. यांतील कित्येकांत मोझेकच्या लाद्या आहेत. तिसरा प्रकार इमारतीतील फ्लॅटांचा. एकच फरशी या तिन्ही घरांना सारखी लागू पडेल असे मानणे म्हणजे एकाच मापाचा सदरा आजोबांना आणि नातवाला शिवण्यासारखे आहे.

फरशी निवडण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, जुनी फरशी काढण्याची खरोखर आवश्यकता आहे काय? मोझेकची लादी काळवंडली, तिच्यावर तेलाचे आणि हळदीचे डाग पडले म्हणजे ती ‘गेली’ असे आपण समजतो. ती बहुधा गेलेली नसते. मोझेकची लादी म्हणजे सिमेंटच्या पाठीवर बसविलेला संगमरवरी खड्यांचा व सिमेंटचा थर. हा वरचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो आणि एका घासणीत त्यातील अगदी थोडा भाग जातो. घासणीचे यंत्र आणून प्रथम खरखरीत, मग मध्यम, मग बारीक दगडाने ओली घासणी केली, मधल्या टप्प्यावर बारीक छिद्रे रंग मिसळलेल्या सिमेंटने भरली आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या भुकटीने पॉलिश दिले, की चाळीस वर्षांची लादी पुन्हा उजळते. घरात आठ-दहा दिवस चिखल होतो हे खरे. परंतु उखडण्याचा खर्च, भंगाराचे ट्रॅक्टर, नवी लादी आणि तिची मजुरी हे सारे वाचते.

या मोझेकचे कूळही लहान नाही. संगमरवराचे वाया गेलेले तुकडे चुन्यात बसवून, घासून गुळगुळीत जमीन करण्याची कला व्हेनिसच्या कारागिरांनी वाढविली. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधील जमीन व्हेनिसच्या धर्तीच्या मोझेकची आहे. टेनामेंटमधील हिरवट-पिवळ्या ठिपक्यांची लादी ही तिचीच गरीब घरी दिलेली नात म्हणावी लागेल. काही जुन्या बंगल्यांत याहूनही देखण्या, फुलापानांच्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या असतात. त्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंग ओतून, दाबून आणि पाण्यात मुरवून त्या तयार करतात. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबीयांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना काढला तो परदेशी लाद्यांना स्वदेशी जोड देण्यासाठीच. अशी लादी घरात असेल तर कुदळ उचलण्याआधी दोन दिवस थांबावे, एवढी माझी विनंती आहे. पाच-दहा लाद्या फुटलेल्या असतील तर एखाद्या कोपऱ्यातील किंवा कपाटाखालील चांगल्या लाद्या काढून मध्ये बसविता येतात.

आता, जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवावी असा सल्ला अनेक कारागीर देतात. त्यात उखडण्याचा त्रास वाचतो म्हणून तो गोड वाटतो. पण वजनाचा हिशेब करून पाहा. इंचभर जाडीच्या कोटा फरशीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते आणि तिच्याखालील दीड इंच मसाल्याचे सुमारे ८० किलो. म्हणजे बारा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोलीत आपण जवळजवळ अडीच टन ओझे नव्याने चढवितो. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना माणसे व सामान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरण्याची आपल्याकडील मानकांची रीत आहे. पहिल्या फरशीचे ओझे त्यात वेगळे धरलेले असते, दुसऱ्या फरशीचे नसते. तेव्हा दुसऱ्या फरशीपायी माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक भाग खर्ची पडतो. जमिनीलगतच्या खोल्यांत ही चिंता नाही. वरच्या मजल्यावर मात्र जुनीवर नवी बसवावयाचीच असेल तर आठ-दहा मिलिमीटरची पातळ लादी चिकटविण्याच्या मसाल्याने बसवावी. तिचे ओझे चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास राहते.

लाकडी माडीची गोष्ट याहून नाजूक आहे. तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर अशी ती रचना असते. माणूस चालला की ती किंचित लवते, आणि लवणे हा तिचा दोष नाही. तिच्यावर ताठ, जड लादी बसविली तर पहिल्या वर्षीच सांधे तडकतात. तुळईचे टोक भिंतीत कुजलेले असेल तर वाढलेल्या ओझ्याने काय होईल ते सांगण्याची गरज नाही. अशा माडीवर फळ्यांचीच दुरुस्ती करावी, फार तर वर हलके व्हिनाइल अंथरावे. जाणत्या स्थापत्यकाराने तुळया ठोकून पाहिल्यावाचून काहीच करू नये.

जमीन वर आली की दारे खालून कापावी लागतात हे सर्वांना ठाऊक असते. जिन्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. खोलीची जमीन दोन इंचांनी उचलली की जिन्याची पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होते, आणि वरच्या मजल्याची जमीन उचलली तर शेवटची पायरी तितकीच उंच होते. आपला पाय डोळ्यांपेक्षा सवयीने चालतो. सात इंचांची सवय झालेल्या पायाला एकच पायरी नऊ इंचांची लागली की तो नेमका तेथेच अडखळतो. न्हाणीघराचेही तसेच. त्याची जमीन खोलीपेक्षा खाली हवी. ती वर आली की पाणी उंबरठा ओलांडून खोलीत येते.

यानंतर मातीकडे वळू. बडोद्याच्या पुष्कळ भागांत काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जोत्यातील भराव याच मातीचा असला किंवा घाईने टाकून न चोपता सोडलेला असला, तर वरची फरशी कितीही महाग असो, पाच वर्षांत ती मध्ये दबते आणि भिंतीलगत फट दिसू लागते. म्हणून तळमजल्याची फरशी उखडलीच आहे तर खालचा भराव पाहून घ्यावा. पोकळ असेल तर तो काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, चोपून भरावा. त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग काँक्रीटचा थर द्यावा. या कामाचा पैसा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो देताना जिवावर येते. पण लादीच्या भावात थोडी तडजोड करून हा पैसा येथे घालावा असे मी आग्रहाने म्हणेन.

खालून ओल येते की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद जुन्या जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्या आणि तो सोळा तास तसाच ठेवावा. काढल्यावर आतून पाण्याचे बिंदू दिसले किंवा जमीन काळसर झाली असेल तर खालून ओल चढते आहे. अशा जमिनीवर नुसतीच व्हिट्रिफाइड लादी बसविली तर ओल जात नाही, ती वाट बदलते. लादीतून वर येता येत नाही म्हणून ती भिंतींकडे वळते, आणि वर्षभरात भिंतीच्या तळाशी लोणा धरून गिलावा सुटू लागतो. पूर्वीची सारवलेली जमीन काय किंवा चुन्याचा कोबा काय, ओल हळूहळू वर सोडून देत असे. चुन्यामातीत बांधलेल्या जुन्या घराला ही सवय असते, म्हणून तेथे दगडी फरशी अधिक मानवते.

विश्वामित्रीच्या पुरांची आठवण येथे काढलीच पाहिजे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि २०२४ च्या ऑगस्टात समा, फतेगंज, अकोटा अशा वस्त्यांतून पाणी घराघरांत शिरले. ज्यांच्या घरात पाणी येऊन गेले आहे, त्यांनी तळमजल्यावर लाकडी दिसणारी लॅमिनेटची जमीन घालण्याचा मोह सोडून द्यावा. तिचा गाभा दाबलेल्या लाकडाच्या भुशाचा असतो. तो पाणी पितो, फुगतो आणि पुन्हा सपाट होत नाही. चिकटविलेले व्हिनाइलही कडेने सुटते आणि त्याच्याखाली गाळ कुजतो. कोटा, शहाबादी, मोझेक किंवा नीट बसविलेली व्हिट्रिफाइड लादी ही चिखल धुऊन काढल्यावर पुन्हा वापरता येते. जमीन दोन-चार इंच उचलल्याने पूर टळतो हा मात्र भ्रम आहे. त्या उंचीचा उपयोग एवढाच की, रस्त्यावर थरावर थर चढून घर खोल गेले असेल तर साध्या पावसाचे पाणी आत येत नाही. त्यापेक्षा जमिनीला दाराकडे किंचित ढाळ द्यावा, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळ झाडूने बाहेर लोटता येतो.

आणि आता ओल्या अनवाणी पायांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगभर अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडण्याचा क्रमांक दुसरा आहे, आणि साठीपुढील माणसांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने सोसले आहे त्याला वेगळे सांगावयास नको. आरशासारखी पॉलिश केलेली लादी कोरडी असताना फारशी घसरत नाही. तिच्यावर पाणी, साबण, पावडर किंवा तेलाचा थेंब पडला की ती दगा देते. व्यापारी आपल्याला ‘आर ९’, ‘आर १०’ असे आकडे सांगतात. आकडा जितका मोठा तितकी लादी कमी घसरते, हे बरोबर आहे. परंतु ही परीक्षा तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालणाऱ्या माणसाची असते. आपण घरात बूट घालीत नाही. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर घेतलेली वेगळी परीक्षा आहे, तिच्यात लादीला ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्ग देतात. न्हाणीघरासाठी ‘बी’ किंवा ‘सी’ वर्गाची लादी मागावी. दुकानदाराला हे वर्ग ठाऊक नसले तर नमुन्याची एक लादी घरी आणावी, मोरीत ठेवावी, साबणाचे पाणी ओतावे आणि घरातील धडधाकट माणसाने भिंतीला धरून तिच्यावर पाय घासून पाहावा. न्हाणीघरासाठी लहान लादी मोठीपेक्षा केव्हाही बरी. सांधे जास्त म्हणून पाय धरतो, आणि जाळीकडे चार फुटांना अर्धा-पाऊण इंच ढाळही नीट देता येतो. चार फूट लांबीच्या लादीला ढाळ कसा द्यावा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दगड घ्यावा की लादी, याचे उत्तर स्वयंपाकघरात शोधावे. संगमरवर आणि कोटा हे दोन्ही मुख्यतः चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर त्यांना खाते, चकाकी जाते आणि डाग राहतो. संगमरवर सच्छिद्र असल्याने हळदीचा रंगही पितो. मकराण्याचा किंवा आपल्या अंबाजीचा पांढरा संगमरवर देवघरात शोभतो, बैठकीतही शोभतो, फोडणी जेथे उडते तेथे नाही. कोटा रंगाने उदास वाटतो खरा, पण तो घट्ट आहे, उन्हाळ्यात पायाला थंड लागतो, आणि बैठकीतील झोपाळ्याखाली जेथे पायांच्या रोजच्या घासण्याने जागा झिजते, तेथे तो पुन्हा घासून नवा करता येतो. छाप्याच्या लादीचा वरचा पातळ थर झिजला की तिला उपाय नाही. एक गोष्ट मात्र सर्वांनी पाळावी. काम संपल्यावर कारागीर सिमेंटचे डाग काढण्यासाठी ॲसिड ओततात, ते दगडावर आणि मोझेकवर मुळीच ओतू देऊ नये.

भाजलेल्या लाद्यांत सर्व लाद्या एकसारख्या नसतात. देशात तयार होणाऱ्या सिरॅमिक लाद्यांपैकी बहुतेक आपल्या मोरबीहून येतात आणि तेथे सर्व प्रतींचा माल निघतो. ओळखण्याची खूण म्हणजे पाणी पिण्याचे प्रमाण. व्हिट्रिफाइड लादी वजनाच्या अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी पिते, भिंतीची लादी दहा टक्क्यांहून अधिक. खोक्यावर हे लिहिलेले असते. पाठीवर पाण्याचा थेंब टाकूनही कळते, भिंतीची लादी तो चटकन शोषून घेते. स्वस्त मिळाली म्हणून भिंतीची लादी जमिनीला लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. पहिले भांडे पडताच तिचा टवका उडतो.

परंतु कमी पाणी पिण्याच्या या गुणातच एक अडचण आहे. साधे सिमेंट लादीच्या पाठीच्या छिद्रांत शिरून तिला धरते. व्हिट्रिफाइड लादीला छिद्रेच नसल्यासारखी असल्याने सिमेंटची पकड बसत नाही. मग लादी पोकळ वाजते आणि एखाद्या वैशाखी दुपारी मोठा आवाज होऊन दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात. तिला चिकटविण्याचा खास मसालाच वापरावा, तो खाचांच्या थापीने पसरावा, आणि दोन लाद्यांत दोन-तीन मिलिमीटरचा सांधा सोडावा. ‘सांधा दिसणार नाही असे बसवून देतो’ हे कारागिराचे कौशल्य नव्हे, ती पुढल्या दुरुस्तीची तयारी आहे. भिंतीलगतही पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लादी काठीने ठोकून पाहावी. ज्या पोकळ वाजतील त्या तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्याव्या, पैसे चुकते केल्यावर नाही.

कापणीच्या धुळीविषयी दोन शब्द. दगडात आणि लादीत सिलिका असते. कोरडी लादी यंत्राने कापली की पांढरा धूर उठतो, तो फुप्फुसात साचतो. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना या धुळीने सिलिकोसिसचा असाध्य विकार जडल्याचे सर्वश्रुत आहे. आपल्या घरचे काम चार दिवसांचे, कारागिराचे आयुष्यभराचे. कापणी अंगणात व्हावी, पात्यावर पाण्याची धार असावी आणि तोंडाला साधा रुमाल नव्हे तर धुळीचा मास्क असावा, ही अट ठरावातच घालावी. पाण्याची सोय करून देणे हे घरमालकाचे काम आहे.

शेवटी खरेदीचा हिशेब. दुकानात ज्याला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती लादी ६० सेंटिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून थोडी लहान असते. चार लाद्यांच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर माल बसतो. बारा बाय पंधराची खोली १६.७ चौरस मीटरांची, तिला बारा खोकी हवीत आणि तुटफूट, कापणी धरून तेरा. सर्व खोक्यांवरील छटेचा क्रमांक एकच आहे हे टेम्पोतून माल उतरण्यापूर्वी पाहावे. एकाच नावाच्या लाद्या निरनिराळ्या भट्टीच्या असल्या की जमिनीवर पट्टे दिसतात. नळ आणि विजेच्या नळ्या फरशीआधी बदलून घ्याव्या, न्हाणीघरात लादी बसविण्यापूर्वी चोवीस तास पाणी तुंबवून खालच्या छतावर ओल येते का ते पाहावे. उरलेले एक अखंड खोके, वर छटेचा क्रमांक लिहून, माळ्यावर ठेवावे. दहा वर्षांनी एक लादी फुटली तर ती बाजारात मिळणार नाही. आणि कापणीतून उरलेले पांढऱ्या लाद्यांचे तुकडे फेकू नयेत. गुजरातेत गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझेक करण्याची चांगली रीत आहे, ती ऊन परतविते आणि खालची खोली थोडी निवते. रंगीत तुकडे मात्र त्यात मिसळू देऊ नका, ते ऊन शोषून घेतात.